पीसीओएस असलेल्या ३१ वर्षीय स्त्रीतील गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग : दोन वेगळ्या वारशांचे एक प्रकरण

पुढील प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. तरुण स्त्रियांमधील गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तपासणीच्या वेळी जे प्रश्न वारंवार उभे राहतात, ते एकत्र मांडता यावेत म्हणून ते रचले आहे. त्यातील वैद्यकीय तपशील प्रचलित ज्ञानाला धरून आहेत.

तक्रार आणि पूर्वइतिहास

रुग्ण स्त्रीचे वय ३१. लग्न झालेले, मूल नाही. पाळी बाराव्या वर्षी सुरू झाली, पण ती कधीच नियमित नव्हती. दोन पाळ्यांमध्ये तीन-चार महिन्यांचे अंतर पडणे हे तिच्या दृष्टीने नेहमीचेच होते. सतराव्या वर्षी हनुवटीवरचे राठ केस, मुरुमे आणि लांबणारी पाळी यांमुळे तपासण्या झाल्या, रक्तातील अँड्रोजेन (पुरुषी) संप्रेरके वाढलेली आढळली आणि पीसीओएसचे, म्हणजे अंडाशयातून अंडे वेळेवर बाहेर न पडणे आणि संप्रेरकांचे संतुलन बिघडणे या विकाराचे, निदान झाले. संप्रेरकांच्या गोळ्या वर्षभर घेतल्यावर पाळी महिन्याच्या महिन्याला येऊ लागली आणि आता गोळ्यांची गरज नाही असे समजून त्या बंद करण्यात आल्या. पुढची बारा-तेरा वर्षे पाळी फारच लांबली तर पाच दिवस गोळ्या घेऊन ती आणायची, एवढाच उपचार होता. दरम्यान वजन वाढत गेले. तपासणीच्या वेळी बीएमआय ३३ होता, मानेमागची त्वचा काळवंडून जाड झाली होती आणि उपाशीपोटीची साखर मधुमेहपूर्व पातळीत होती.

या वेळची तक्रार मात्र निराळी होती. पाच महिन्यांच्या खंडानंतर सुरू झालेला रक्तस्राव दीड महिना झाला तरी थांबत नव्हता, मधूनच गाठी पडत होत्या आणि हिमोग्लोबिन ८.४ पर्यंत उतरले होते. त्याआधी दोन ठिकाणी तिला ‘पीसीओएसमध्ये असे होतेच’ असे सांगून रक्तस्राव थांबवण्याच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. हे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते आणि या प्रकरणातील बराचसा उशीर त्या अपुरेपणातून झाला.

योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी १९ मिलिमीटर भरली. रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावात ४ मिलिमीटरची मर्यादा वापरून पुढचा निर्णय घेता येतो. पाळी चालू असलेल्या स्त्रीत अशी खात्रीची मर्यादा नाही, त्यामुळे १९ या आकड्यावरून कर्करोग आहे किंवा नाही असे काहीच ठरत नव्हते. ठरवायचे होते ते इतिहासावरून. ४५ वर्षांखालच्या स्त्रीतही दीर्घकाळ पाळी न येणे, स्थूलता आणि औषधांना न जुमानणारा रक्तस्राव अशी सांगड असेल तर अस्तराचा नमुना तपासावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून, डोळ्यांसमोर बायोप्सी घेण्यात आली. अहवाल आला : एंडोमेट्रिऑइड प्रकारचा अॅडिनोकार्सिनोमा (अस्तराच्या ग्रंथींतून होणारा कर्करोग), ग्रेड १, म्हणजे सर्वांत कमी आक्रमक दिसणारा, आणि भोवतालच्या अस्तरात असामान्य पेशींसह अतिवृद्धी.

पीसीओएसने यातले किती उलगडते?

पुष्कळ उलगडते, हे आधी मान्य करायला हवे. अंडमोचन (अंडाशयातून अंडे बाहेर पडणे) झाले नाही की त्यानंतर अंडाशयात बनणारी कॉर्पस ल्युटियम ही तात्पुरती ग्रंथी तयार होत नाही आणि ती नसेल तर प्रोजेस्टेरॉनही नसते. इस्ट्रोजेनचे काम मात्र चालूच राहते. शिवाय मेदपेशींतील अॅरोमाटेज हे विकर वाढलेल्या अँड्रोजेनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करून त्यात भर घालते. अस्तर वाढत राहते, पण त्याला परिपक्व होऊन गळून पडण्याचा आदेश देणारे संप्रेरक महिनोन्महिने येतच नाही. इन्शुलिन-प्रतिरोधामुळे, म्हणजे शरीर इन्शुलिनला पुरेशी दाद देत नसल्यामुळे, रक्तात इन्शुलिन जास्त असते. ते यकृतात तयार होणारे लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते, त्यामुळे मोकळी संप्रेरके वाढतात. आणि अस्तराच्या पेशींना ते थेटही वाढीचा इशारा देते. या कर्करोगात पीटीईएन हे जनुक फार वेळा बिघडलेले आढळते. हे जनुक म्हणजे पेशीच्या वाढीवरचा ब्रेक, आणि तो वाढीचा संदेश नेणाऱ्या ज्या पीआय३के-एकेटी साखळीला लागतो, तिचाच अॅक्सिलरेटर इन्शुलिन दाबत असते.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाची शक्यता सुमारे २.८ पट आढळली, आणि ५४ वर्षांखालील स्त्रियांचाच विचार केला तेव्हा ती सुमारे ४ पट निघाली. ‘चौपट’ हा शब्द ऐकून घाबरलेल्या मुलींची संख्या लहान नसावी, म्हणून त्याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवणे आवश्यक आहे : ४० वर्षांखाली हा कर्करोग मुळातच विरळ आहे. एकूण रुग्णांपैकी सुमारे ५ टक्केच त्या वयातल्या असतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शक तत्त्वांनी जोखीम लक्षणीय वाढलेली असल्याचे नोंदवूनही प्रत्यक्ष शक्यता कमीच राहते असे म्हटले आहे, आणि पीसीओएस असलेल्या सरसकट सर्व स्त्रियांची नियमित चाळणी करण्याची शिफारस केलेली नाही.

म्हणजे बारा-तेरा वर्षे प्रोजेस्टेरॉनविना गेलेले अस्तर, वाढलेले वजन, वाढलेले इन्शुलिन आणि ग्रेड १ चा एंडोमेट्रिऑइड कर्करोग : गोष्ट इतकी नीट जुळत होती की तिथेच थांबण्याचा मोह कोणालाही झाला असता.

काचपट्टीवर दिसलेली गोष्ट

थांबले गेले नाही, कारण पॅथॉलॉजी विभागात या कर्करोगाच्या प्रत्येक नमुन्यावर चार प्रथिनांची चाचणी करण्याची पद्धत होती : एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हे या चार प्रथिनांचे काम. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२० मध्ये या कर्करोगाचे निदान झालेल्या सर्वच स्त्रियांसाठी अशी चाचणी सुचवली. वय किंवा घराण्याचा इतिहास पाहून निवडक रुग्णांचीच चाचणी केली तर पुष्कळ जणी निसटतात. पुढे दिसेल की ही रुग्ण स्त्रीही निसटलीच असती.

पहिल्या तीन प्रथिनांच्या काचपट्ट्यांवर कर्करोगपेशींची केंद्रके तपकिरी रंगली होती, म्हणजे प्रथिने जागेवर होती. चौथ्या पट्टीवर, एमएसएच६ च्या, ग्रंथींच्या कर्करोगपेशींची केंद्रके फिकट निळी राहिली होती. पण त्याच ग्रंथींना टेकून असलेल्या आधार-ऊतीच्या निरोगी पेशी आणि लिम्फोसाइट व्यवस्थित तपकिरी होत्या. ही शेजारची तपकिरी केंद्रके महत्त्वाची, कारण रंग नीट बसला होता आणि प्रथिन फक्त कर्करोगपेशींतूनच नाहीसे झाले आहे, याची साक्ष तीच देतात. पेशींची वाढ आवरणाऱ्या पी५३ या प्रथिनाचे रूप सामान्य होते आणि डीएनएची नक्कल करण्याशी संबंधित पीओएलई जनुकात बदल आढळला नाही. २०१३ मध्ये कर्करोगांच्या जनुकीय नकाशाच्या प्रकल्पाने या रोगाचे जे चार रेणवीय गट मांडले, त्यांपैकी दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेल्या गटात हा नमुना बसला.

येथे एक तांत्रिक बाब नोंदवतो. दुरुस्ती-यंत्रणेचा बिघाड डीएनएच्या अस्थिर तुकड्यांवरूनही ओळखता येतो, परंतु एमएसएच६ चा दोष असलेल्या काही गाठींत ही अस्थिरता इतकी कमी असते की ती चाचणी सामान्य येऊ शकते. प्रथिनांची रंगचाचणी झाली हे या रुग्णाच्या पथ्यावर पडले.

एकट्या एमएसएच६ चे नाहीसे होणे हे बहुतेक वेळा जन्मजात दोषाकडे निर्देश करते. एमएलएच१ नाहीसे झाले असते तर आधी त्या जनुकावर मिथाइलचे आवरण चढले आहे का, हे पाहावे लागले असते. तसे असेल तर दोष सहसा गाठीपुरता मर्यादित असतो, वारशाने आलेला नसतो. येथे तो टप्पा नव्हता. जनुकीय समुपदेशनानंतर रक्ताची चाचणी झाली आणि एमएसएच६ जनुकात प्रथिन अर्धवट तोडणारा, रोगकारक ठरलेला बदल सापडला. निदान झाले लिंच सिंड्रोम, म्हणजे डीएनए-दुरुस्तीच्या जनुकातील वारशाने आलेला दोष, ज्यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाची जोखीम वाढते.

वंशावळ

पहिल्या भेटीत ‘घरात कोणाला कर्करोग?’ या प्रश्नाला तिने ‘आईला नाही, बाबांना नाही’ असे उत्तर दिले होते. निदानानंतर तीन पिढ्यांची वंशावळ मांडली तेव्हा आईच्या वडिलांना ५८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे कळले, आणि मावशीला ४९ व्या वर्षी गर्भाशयाचा. आईला खरोखरच काही झाले नव्हते. मात्र ४२ व्या वर्षी फायब्रॉइडसाठी तिची गर्भपिशवी काढलेली होती. नंतर आईची चाचणी केली असता तिच्यातही तोच बदल निघाला. ज्या अवयवात रोग दिसला असता तो अवयवच नव्हता, म्हणून साखळीतला मधला दुवा कोरा राहिला. लिंच सिंड्रोम ओळखण्यासाठी वापरले जाणारे अॅमस्टरडॅमचे दुसरे निकष या घराण्याला लागू पडत नाहीत, ते यामुळेच. त्या निकषांनुसार तीन बाधितांपैकी एक जण इतर दोघांचा प्रथम श्रेणीचा नातेवाईक (आई-वडील, भावंड किंवा अपत्य) असावा लागतो. आजोबा मावशीचे वडील आहेत, पण रुग्ण स्त्रीचे आजोबाच. वंशावळ घेताना कर्करोगाबरोबरच कोणाची गर्भपिशवी, अंडाशय किंवा आतड्याचा भाग कधी आणि कशासाठी काढला, हे विचारणे म्हणून गरजेचे असते.

वडिलांच्या बाजूला कर्करोग नव्हता. तिथे वेगळ्याच खुणा होत्या : वडिलांना मधुमेह आणि तिशीच्या आत पडलेले टक्कल, आत्याची पाळी कायम अनियमित आणि तिला मूल नाही. पीसीओएसशी निगडित जनुकीय बदल पुरुषांतही असतातच आणि त्यांच्यात ते स्थूलता, मधुमेह व टक्कल यांच्याशी जोडलेले आढळतात. पीसीओएसचा कल वडिलांकडून आला आणि लिंच आईकडून, असा तर्क येथे करता येतो. पहिला अर्धा भाग तर्कच राहील, दुसरा चाचणीने सिद्ध झालेला आहे.

मग पीसीओएस आणि कर्करोग यांचा जनुकीय दुवा कोणता?

या प्रश्नाचे उत्तर देताना ‘जनुकीय’ या एकाच शब्दाखाली तीन गोष्टी मिसळल्या जातात आणि गोंधळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे पीसीओएसचा स्वतःचा वारसा. नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला. पण तो एका जनुकाचा वारसा नाही. २०११ मध्ये हान चिनी स्त्रियांच्या अभ्यासात एलएचसीजीआर, टीएचएडीए आणि डीईएनएनडी१ए या जनुकांजवळची पीसीओएसशी जोडलेली ठिकाणे पुढे आली. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या सुमारे १०,००० रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात अशी १४ ठिकाणे नोंदवली गेली. प्रत्येक ठिकाणाचा परिणाम लहान. अनेकांची बेरीज झाली आणि वजन-इन्शुलिनची साथ मिळाली की लक्षणे दिसतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा असाच मोठा अभ्यास त्याच वर्षी झाला आणि त्यात १६ ठिकाणे सांगितली गेली. त्यांत इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अॅरोमाटेजचे जनुक सीवायपी१९ए१ आहे, एचएनएफ१बी आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर प्रमुख नावे फारशी जुळत नाहीत. जुळतात ते मार्ग : इस्ट्रोजेन, इन्शुलिन, वजन. जन्मजात जनुकीय बदलांचा आधार घेऊन कार्यकारणभाव तपासणाऱ्या अभ्यासांतही वजन, उपाशीपोटीचे इन्शुलिन आणि टेस्टोस्टेरॉन ही या कर्करोगाची कारणे असल्याचा पुरावा मिळतो. माझ्या मते यातून निघणारा अर्थ असा, की पीसीओएसची जनुके कर्करोग थेट घडवत नाहीत. ती अंडमोचन आणि चयापचय बिघडवतात आणि कर्करोगाची जमीन तो बिघाड तयार करतो. असे असेल तर ही वाट मध्येच अडवता येते.

दुसरी गोष्ट गाठीतले बदल. पीटीईएन, पीआयके३सीए, एआरआयडी१ए, सीटीएनएनबी१ यांतील बिघाड अस्तराच्या पेशीत आयुष्यात केव्हा तरी घडतात आणि गाठीबरोबरच संपतात. ते मुलांना जात नाहीत आणि बहिणीतही असण्याचे कारण नाही. पीटीईएनचा जन्मजात दोष, म्हणजे काउडेन सिंड्रोम, हा विरळ अपवाद आहे. सरासरीपेक्षा मोठे डोके, त्वचेवर व तोंडात विशिष्ट पुटकुळ्या आणि थायरॉइडचे विकार या त्याच्या खुणा येथे नव्हत्या.

तिसरी गोष्ट लिंचसारखा एका जनुकाचा वारसा. तो निम्म्या शक्यतेने प्रत्येक अपत्याला जातो, आणि एमएसएच६ च्या बाबतीत ७५ वर्षांपर्यंत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची शक्यता सुमारे ४१ टक्के असल्याचे मोठ्या पाहणीतून दिसते.

या स्त्रीत पहिली आणि तिसरी गोष्ट एकत्र आली. एमएसएच६ मुळे होणारा गर्भाशयाचा कर्करोग बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतो. मावशीचे वय त्याला साजेसेच होते. रुग्ण स्त्रीला मात्र तो ३१ व्या वर्षी झाला. सतत विभाजन पावणारे अस्तर आणि चुका दुरुस्त न करणारी यंत्रणा यांची गाठ पडल्याने रोग अलीकडे ओढला गेला असावा, हे स्पष्टीकरण जीवशास्त्राला धरून आहे. एका रुग्णावरून ते सिद्ध करता येत नाही. पण पीसीओएस हे उत्तर मिळाले म्हणून लिंचचा शोध थांबवणे चूक होते, तसेच लिंच सापडले म्हणून पीसीओएस बाजूला सारणेही चूक ठरले असते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

उपचार

गर्भाशय आणि अंडाशय काढणे हा प्रमाणित उपचार. तिला मूल हवे होते. ग्रेड १, एमआरआयमध्ये स्नायूत शिरकाव नाही, अंडाशयात आणि लसीकाग्रंथींत काही नाही, या अटी पूर्ण होत असल्याने गर्भाशय राखून उपचार करण्याचा पर्याय खुला होता. अंडाशयांची तपासणी मुद्दाम बारकाईने झाली, कारण तरुण रुग्णांत गर्भाशय आणि अंडाशय अशा दोन्हीकडे एकाच वेळी गाठ सापडण्याचे प्रमाण वयस्क रुग्णांपेक्षा जास्त असते. तिला दोन गोष्टी स्पष्ट सांगण्यात आल्या. प्रोजेस्टेरॉनसदृश औषधांनी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग मागे हटतो, पण त्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींत तो परत येतो. आणि दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेल्या गाठी या औषधांना कमी प्रतिसाद देतात, असे काही लहान अभ्यास सुचवतात. तिने आणि तिच्या पतीने विचार करून औषधाचा मार्ग स्वीकारला.

रोज १६० मिलिग्रॅम मेजेस्ट्रॉल आणि गर्भाशयात लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारे साधन (दोन्ही प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे), असा उपचार सुरू झाला. मेटफॉर्मिन दिले ते मधुमेहपूर्व अवस्थेसाठी. त्याने कर्करोग मागे हटण्यास मदत होते असा ठोस पुरावा नाही, हेही सांगूनच दिले. दर तीन महिन्यांनी हिस्टेरोस्कोपी आणि बायोप्सी. पहिल्या खेपेस कर्करोगाचे अवशेष होते, दुसऱ्या खेपेस फक्त असामान्य अतिवृद्धी, तिसऱ्या आणि चौथ्या खेपेस अस्तर स्वच्छ. दरम्यान कोलोनोस्कोपी झाली, ती सामान्य आली.

यानंतर वेळ घालवणे धोक्याचे होते, कारण साधन काढल्यावर अस्तर पुन्हा संरक्षणाविना राहते. भ्रूणाची जनुकीय तपासणी करून एमएसएच६ चा बदल नसलेले भ्रूण निवडण्याचा पर्याय समजावून सांगण्यात आला. दोघांनी तो नाकारला. पतीची चाचणी मात्र त्यांनी करून घेतली, कारण दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तर बालपणीच कर्करोग होणारा एक गंभीर विकार संभवतो. ती सामान्य आली. पीसीओएसमध्ये अंडमोचनासाठी पहिली पसंती असलेले लेट्रोझोल दिल्यावर तिला दिवस राहिले आणि पूर्ण मुदतीची प्रसूती झाली. स्तनपान संपल्यावर गर्भाशय काढण्यात आले. त्यात कर्करोग नव्हता, पण एका कोपऱ्यात असामान्य अतिवृद्धीचा छोटा पट्टा होता. एरवी या वयात अंडाशय राखण्याचा विचार करता येतो. लिंचमध्ये अंडाशयाच्या कर्करोगाचीही जोखीम असल्याने ते काढले गेले आणि रोग उरला नसल्याची खात्री झाल्यावर इस्ट्रोजेनचा पूरक उपचार सुरू झाला.

भावंडे

थोरला भाऊ ३४ वर्षांचा, प्रकृतीने ठणठणीत. ‘हा बायकांचा आजार, माझी तपासणी कशाला?’ हे त्याचे म्हणणे काही महिने टिकले. आईच्या आग्रहाने त्याने चाचणी केली, तर एमएसएच६ चा बदल त्याच्यात होता. या जनुकाच्या वाहकांत कोलोनोस्कोपी साधारण ३० ते ३५ व्या वर्षापासून सुरू करतात. त्याच्या पहिल्याच कोलोनोस्कोपीत एक पॉलिप सापडला आणि तेव्हाच काढला गेला.

धाकटी बहीण २७ वर्षांची. तिच्यात बदल नव्हता. घरात सगळ्यांना हायसे वाटले आणि ‘तुला काही नाही’ असे तिला सांगितले गेले. परंतु तिची पाळी दोन ते चार महिन्यांनी येत असे, अँड्रोजेन वाढलेले होते आणि पीसीओएसचे निदान तिचेही झालेले होते. एमएसएच६ चा अहवाल तिच्या अस्तराला महिनोन्महिने प्रोजेस्टेरॉन मिळत नाही याबद्दल काहीच सांगत नव्हता. समुपदेशकाने तिला पुन्हा बोलावून हे समजावले. ९० दिवसांहून जास्त लांबणाऱ्या पाळीत अस्तराला संरक्षण द्यावे, या शिफारशीनुसार संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टेरॉनचे ठराविक दिवसांचे कोर्स किंवा गर्भाशयातील साधन हे पर्याय तिच्यासमोर ठेवले गेले. संयुक्त गोळ्यांच्या दर पाच वर्षांच्या वापरामागे या कर्करोगाची जोखीम सुमारे एक-चतुर्थांशाने घटते, असे २०१५ च्या मोठ्या विश्लेषणात दिसले आहे. मायग्रेन विथ ऑरा (डोळ्यांपुढे चमक दिसण्यासारख्या पूर्वखुणांसह येणारी अर्धशिशी) असल्याने तिला त्या गोळ्या देता येत नव्हत्या. तिने दर दोन महिन्यांनी १२ दिवस मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम घेण्याचे ठरवले, आणि ठरलेल्या कोर्सनंतर रक्तस्राव लांबला किंवा मध्येच सुरू झाला तर वय न पाहता बायोप्सी करावी, अशी नोंद तिच्या कागदपत्रांत करण्यात आली.